ब्लूग्रास: ड्रमशिवायचा ठेका आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतले बदल

प्रश्न असा आहे: बिली स्ट्रिंग्ज या तरुण अमेरिकन गिटारवादकाच्या एका कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहिला. भलंमोठं इनडोअर स्टेडियम, लेझरचे झोत, लांबतच चाललेलं एक गाणं आणि खाली लिहिलंय ‘ब्लूग्रास’, म्हणजे तारवाद्यांवरचं एक अमेरिकन संगीत. मग या संगीताचा जनक बिल मन्रो याचं १९४०च्या दशकातलं रेकॉर्डिंग लावलं, तर गाणं तीन मिनिटांच्या आत आटोपलं. ही दोन्ही एकाच जातीची कशी? मधल्या काळात घडलं तरी काय?

मी मँडोलिन वाजवतो, शिकवतो आणि बरीच वर्षं नॉर्थ कॅरोलायनात राहत असल्यामुळे या मंडळींत माझी सततची ऊठबस आहे. म्हणून उत्तर वादकाच्या बाजूने देतो. या दोघांना जोडणारी गोष्ट माझ्या मते एकच आहे, आणि ती म्हणजे ठेका. ब्लूग्रासच्या नेहमीच्या बँडमध्ये ड्रम नसतात. ठेका पाच-सहा जण आपसांत वाटून घेतात. ही वाटणी शाबूत असेल तर बाकी काहीही बदललं तरी मला ते ब्लूग्रास वाटतं. ती मोडली, की जुनी गाणी कितीही हुबेहूब वाजवा, मला त्यात जीव सापडत नाही.

ही वाटणी जरा जवळून बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चार मात्रा धरा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर उभा बास, म्हणजे माणसाएवढं खर्जाचं तारवाद्य. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा ‘चॉप’: उजव्या हाताने तारांवर आडवा फटका मारायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं जराशी सैल सोडायची. बोटं तारांवरून उठवायची नाहीत, फक्त दाब काढायचा. सूर तिथल्या तिथे गुदमरतो आणि कोरडं ‘खट्’ उरतं. गिटारवाला खर्जाचा एक सूर आणि वरचा झटका असं आलटून-पालटून वाजवत दोघांमधली जागा भरतो, आणि ओळ संपली की खालून वर येणारी एक ठरलेली छोटी तान टाकतो. लेस्टर फ्लॅटच्या नावाने ती ओळखली जाते. बँजो त्याच चार मात्रांत आठ सूर अखंड ओततो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशी तीन बोटं फिरत असल्यामुळे त्या आठांचे गट बहुतेक वेळा ३-३-२ असे पडतात. लयकारी ऐकणाऱ्या कानाला यातली मजा लगेच कळेल. सम ठरलेल्या जागी असते, पण वजन सतत पुढे सरकत राहतं. वादक यालाच ‘ड्राइव्ह’ म्हणतात. (हा बँजो म्हणजे कातडं ताणलेलं, पाच तारांचं वाद्य. आपल्याकडे मिरवणुकीत बटणं दाबून वाजवतात तो बेंजो वेगळा.)

आता मँडोलिनवाल्याची एकट्याने वाजवायची पाळी आली, म्हणजे त्याने ब्रेक घेतला, की चॉप थांबतो. दुसरी आणि चौथी मात्रा उघडी पडते. ती कुणीही न सांगता उचलायची असते. फिडलवाला (म्हणजे व्हायोलिनवाला) गजाचा टाचेकडचा भाग तारांवर आपटून ती भरतो, किंवा बँजोवाला रोल, म्हणजे तीन बोटांची ती फिरती चाल, थांबवून वरच्या तारांवर झटके देतो. चांगला बँड ओळखायचा तर ब्रेक घेणाऱ्याकडे बघू नका. त्याने सोडलेली जागा कोण भरतंय आणि किती लवकर भरतंय, ते बघा.

आता इतिहास. त्यातला सुरुवातीचा भाग भराभर सांगतो. बिल मन्रो हा केंटकीतल्या रोझीन गावचा. केंटकीला ‘ब्लूग्रास स्टेट’ म्हणतात, म्हणून त्याच्या बँडचं नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’, आणि त्यावरून संगीताचं नाव. १९३९ मध्ये तो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. १९४५च्या अखेरीस अर्ल स्क्रग्स तीन बोटांचा बँजो घेऊन त्याच्याकडे आला आणि गिटारवर लेस्टर फ्लॅट, फिडलवर चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स असा संच जमला. १९४८ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्स बाहेर पडेपर्यंत या पाच जणांनी जे वाजवलं तो आजही मापदंड मानला जातो.

म्हणजे हे डोंगरातल्या घरांत शतकानुशतकं चालत आलेलं लोकसंगीत आहे, असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. जुनी फिडलची धून, चर्चमधलं गाणं, ब्लूज, थोडंसं जॅझ हे सगळं घेऊन रेडिओसाठी आणि तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांसाठी व्यावसायिक कलाकारांनी घडवलेलं हे विसाव्या शतकातलं संगीत आहे. अर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादकाचा आपल्यावर प्रभाव पडला, हे मन्रो स्वतः सांगायचा. बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत आलं. १९४५च्या आसपास मन्रोच्या बँडमध्ये सॅली अ‍ॅन फॉरेस्टर नावाची बाई अकॉर्डियन वाजवत होती, आणि ते अकॉर्डियन रेकॉर्डिंगवर ऐकू येतं. १९६३ मध्ये मन्रोने बॉस्टनच्या बिल कीथला घेतलं. फिडलची धून सुरासूर बँजोवर उतरवायची कीथची पद्धत स्क्रग्सच्या पद्धतीहून अगदी वेगळी होती, तरी मन्रोने ती आपल्या रंगमंचावर आणली.

मग ‘शुद्ध ब्लूग्रास’ ही कल्पना आली कुठून? १९५०च्या दशकात रॉक अँड रोलने या मंडळींचा श्रोता पळवला. कामं आटली. त्यानंतर १९६५ मध्ये कार्लटन हेनी याने व्हर्जिनियातल्या फिनकॅसलला अनेक दिवस चालणारा ब्लूग्रासचा पहिला महोत्सव भरवला आणि मन्रोच्या जुन्या साथीदारांना एकेक करून त्याच्याबरोबर उभं केलं. त्या मांडवात या संगीताला पहिल्यांदा स्वतःचा इतिहास मिळाला. पण इतिहास मिळाला की त्याचे राखणदारही तयार होतात. पुढच्या प्रत्येक पिढीला ‘हे ब्लूग्रास नाही’ असं सुनावलं गेलं, त्याचं मूळ इथे आहे.

१९७० नंतरचे बदल समजून घ्यायचे तर १९७५ सालचा जे. डी. क्रो आणि त्याच्या ‘न्यू साउथ’ बँडचा अल्बम आधी ऐका. राउंडर कंपनीने काढलेल्या या अल्बमचा क्रमांक ००४४ होता, आणि वादक तो त्या क्रमांकानेच ओळखतात. बँजोवर क्रो, गिटारवर टोनी राइस, मँडोलिनवर रिकी स्कॅग्स, डोब्रोवर (आडवं धरून, धातूची पट्टी सरकवत वाजवायचं गिटार) जेरी डग्लस, बासवर बॉबी स्लोन. गाणी बरीचशी नव्या गीतकारांची, आवाज मऊ, पण ठेका लोखंडासारखा.

टोनी राइसबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण आजचा जवळजवळ प्रत्येक गिटारवादक त्याच्या अंगणातून आला आहे. डॉक वॉटसन आणि क्लॅरन्स व्हाइट यांनी गिटारला साथीतून पुढे आणलं होतं. व्हाइटचं १९३५चं मार्टिन गिटार पुढे राइसकडे आलं आणि ते त्याने आयुष्यभर वाजवलं. लोक त्याचे ब्रेक ऐकून थक्क होतात. माझ्या मते त्याचं मोठं काम साथीतलं आहे. त्याच्या आधी साथीचं गिटार म्हणजे खर्ज-झटका, खर्ज-झटका. राइसचा उजवा हात चारही मात्रांतले आठही कण चालता ठेवायचा, पण दाब दर वेळी वेगळ्या कणावर द्यायचा. त्यामुळे मँडोलिनचा चॉप आणि गिटार यांच्यात संवाद सुरू झाला. त्याच्याबरोबर वाजवणाऱ्याला कुठे जायचं ते हात धरून नेल्यासारखं कळायचं. १९९४च्या सुमारास त्याचा गाता गळा गेला. त्यानंतर तो फक्त वाजवत राहिला, आणि २०२० च्या नाताळच्या दिवशी गेला. त्याच्या जाण्याची बातमी आली तेव्हा माझ्या ओळखीतले सगळे गिटारवाले दिवसभर त्याचीच रेकॉर्डिंग्ज एकमेकांना पाठवत होते.

त्याच सुमारास दुसऱ्या दिशेनेही माणसं निघाली होती. सॅम बुश आणि त्याच्या मित्रांनी १९७१ मध्ये ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’ काढला. लांब केस, रॉकची गाणी, विजेवरचा बास. पुढे त्यात बँजोवादक बेला फ्लेक आला. १९८९च्या अखेरीस तो बँड थांबला, पण ‘न्यूग्रास’ हे नाव राहिलं. कॅलिफोर्नियात डेव्हिड ग्रिसमनने जॅझ आणि ब्लूग्रासमधून गाण्याशिवायचं स्वतंत्र वादन उभं केलं आणि त्यातही राइस होता. कोलोरॅडोतला टेल्युराइडचा महोत्सव १९७४ पासून चालू आहे. तिथे कुणी कुणाला जात विचारत नाही. गाणं रंगमंचावर आयत्या वेळी लांबवत नेणाऱ्या नंतरच्या जॅम बँडांची रुजवण त्या डोंगरातच झाली.

१९८५ मध्ये इंटरनॅशनल ब्लूग्रास म्युझिक असोसिएशन, म्हणजे आयबीएमए, स्थापन झाली. ग्रॅमीने ब्लूग्रासचा स्वतंत्र विभाग सुरू केला तेव्हा १९८९ मध्ये पहिला पुरस्कार मन्रोलाच मिळाला. आणि त्याच काळात इलिनॉयची एक मुलगी फिडल घेऊन आली. तिचं नाव अ‍ॅलिसन क्राउस. तिचा पहिला अल्बम १९८७चा. १९९५च्या तिच्या निवडक गाण्यांच्या संग्रहाच्या वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. ब्लूग्रासच्या कलावंताला असं यश क्वचितच मिळालं होतं. पुढे तिच्या नावावर २७ ग्रॅमी जमा झाले.

क्राउसने काय बदललं? मन्रोचं गाणं वरच्या पट्टीत, गळ्यावर ताण देऊन, दूरच्या माणसाला हाक मारल्यासारखं असायचं. क्राउस मायक्रोफोनच्या जवळ येऊन हळू गायली. मग मागच्या वाद्यांनाही हळू वाजवायला शिकावं लागलं. कमी आवाजात ठेका टिकवणं हे जोरात वाजवण्यापेक्षा फार अवघड आहे, हे शिकवताना मला रोज दिसतं. तिच्या ‘युनियन स्टेशन’ने ते करून दाखवलं. काही जुन्या लोकांना तिची रेकॉर्डिंग्ज जास्तच गुळगुळीत वाटतात. मला ते पटत नाही. बॅरी बेल्सचा बास आणि रॉन ब्लॉकचा बँजो लक्ष देऊन ऐका. वाटणी तीच आहे, नुसता आवाज खाली आणलाय.

२००० साली ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?’ हा चित्रपट आला आणि त्याच्या संगीताच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००२ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. त्याच रात्री पंचाहत्तरीत पोचलेल्या जुन्या ब्लूग्रास गायक राल्फ स्टॅन्लीला साथीशिवाय गायलेल्या गाण्यासाठी ग्रॅमी मिळाला. ब्लूग्रासचं पुनरुज्जीवन या चित्रपटाने केलं असं सरसकट लिहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. गोष्ट घडते १९३७ मध्ये, म्हणजे ब्लूग्रास जन्मायच्या आधी, आणि त्यातलं बरंचसं संगीत ब्लूग्रास नाहीच. त्यात ब्लूज आहे, जुनं डोंगरी गाणं आहे, चर्चमधलं गाणं आहे. पण जॉर्ज क्लूनीच्या तोंडी डॅन टिमिन्स्कीचा आवाज होता आणि ज्यांनी बँजो कधी जवळून ऐकला नव्हता अशी माणसं तो ऐकून आमच्या बैठकांना येऊ लागली. त्यातली काही टिकली. मुख्य म्हणजे महोत्सवांना नवा श्रोता मिळाला. रिकी स्कॅग्स आणि डॉली पार्टनसारखी कंट्रीमधली मोठी नावं तर १९९७ ते १९९९ च्या दरम्यानच या संगीताकडे वळली होती. वारं आधीच फिरलं होतं, चित्रपटाने शीड उभारलं.

मला सर्वांत मोठा वाटतो तो बदल मात्र रंगमंचावरचा नाही. हे संगीत शिकतात कसं, त्यातला आहे. पूर्वीचा बँजोवाला ३३च्या वेगाची तबकडी १६च्या वेगावर लावायचा. वेग निम्मा झाला की सूर बरोबर एक सप्तक खाली येतो, म्हणजे पट्टी तीच राहते आणि वाद्य न बदलता सोबत वाजवता येतं. सुई उचलायची, मागे ठेवायची, तेच दोन सेकंद पुन्हा. असं करत एक ब्रेक बसवायला कधी कधी महिना जायचा. आणि जे ऐकू आलं नाही तिथे प्रत्येक जण आपल्या मनाचं काही घालायचा. जुन्या वादकांची शैली एकमेकांपासून इतकी वेगळी का, याचं बरंचसं उत्तर या चुकलेल्या, न ऐकू आलेल्या सुरांत आहे. १९६८ मध्ये स्क्रग्सचं स्वतःचं पुस्तक आलं, टॅब्लेचर (कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणारी लिपी) आलं, कॅसेट आल्या, आणि यूट्यूबवर तर आता बोट कुठल्या तारेवर आहे तेही दिसतं. टेनेसीतल्या ईस्ट टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीत १९८२ पासून ब्लूग्रास शिकवलं जातं आणि आता त्याची पदवी मिळते. बॉस्टनच्या बर्कली कॉलेजमधून मँडोलिन आणि बँजोची मुलं बाहेर पडतात.

परिणाम असा, की आज सोळा वर्षांची मुलं जे वाजवतात ते १९७० मध्ये मोजक्या लोकांना जमायचं. हात स्वच्छ, सूर पक्का, कुठल्याही पट्टीत तयार. त्याचबरोबर डोळे मिटून कुणी कोण ते ओळखणं कठीण झालंय. मन्रोचा हात चार फटक्यांत ओळखू येतो, जेसी मॅकरेनॉल्ड्स या जुन्या मँडोलिनवादकाचा दोन फटक्यांत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी म्हणून काही महिने व्हिडिओ बंद ठेवायला सांगतो. फक्त कानाने उचला, अडेल तिथे स्वतःचं घाला. त्यांना ते आवडत नाही, तरी सांगतो.

या शिकलेल्या पिढीचा कळस म्हणजे क्रिस थीली. कॅलिफोर्नियातल्या ‘निकल क्रीक’ या लहान मुलांच्या बँडमधून तो आला. त्यांचा २००० सालचा अल्बम क्राउसनेच घडवला होता. पुढे ‘पंच ब्रदर्स’मध्ये त्याने चार भागांची, चाळीस मिनिटांच्या आसपासची रचना ब्लूग्रासच्या पाच वाद्यांवर बांधली. बाखच्या सोनाटा मँडोलिनवर वाजवल्या. २०१२ मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. थीलीचा हात मला दैवी वाटतो. पण पंच ब्रदर्स ऐकताना बऱ्याचदा ठेक्याची वाटणी इतकी सूक्ष्म होते की नाचणाऱ्या माणसाला पाय कुठे टाकावा ते कळत नाही. तिथे मी त्याला ब्लूग्रास म्हणायचं थांबतो आणि नुसतं संगीत म्हणून आनंदाने ऐकतो.

बेला फ्लेकचंही तसंच, आणि त्याच्यामुळे आपला एक खरा धागा इथे जुळतो. फ्लेक, बासवादक एडगर मायर आणि मुंबईचे झाकिर हुसेन यांनी २००६ मध्ये नॅशव्हिलच्या नव्या सिम्फनी सभागृहाच्या उद्घाटनासाठी तिघांची कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना, केली. नंतर मुंबईचेच राकेश चौरसिया बासरी घेऊन सामील झाले आणि २०२३ चा त्यांचा ‘अ‍ॅज वी स्पीक’ हा अल्बम पुढच्या वर्षी ग्रॅमी घेऊन आला. त्यातला तबला आणि बँजो एकत्र ऐका. स्क्रग्सच्या ३-३-२ला झाकिरभाई इतके चटकन हात घालतात, की ती आपल्याच घरची तिहाई वाटावी. त्याच फ्लेकने २०२१ मध्ये पुन्हा सरळ ब्लूग्रासचा अल्बम केला आणि त्यात जुन्या-नव्या पिढीचे उत्तम वादक एकत्र आणले. बाहेर फिरून आलेल्या माणसाचा हात घरी आल्यावर कसा लागतो, ते त्यात ऐकू येतं.

आता बिली स्ट्रिंग्ज. खरं नाव विल्यम अपोस्टल, जन्म १९९२, मिशिगन. सावत्र वडील टेरी बार्बर हे ब्लूग्रास वाजवणारे. त्यांच्याकडून लहानपणी गिटार आणि डॉक वॉटसनची गाणी शिकला. मधल्या वयात मेटल बँडमध्ये गेला आणि परत आला. कोलोरॅडोतले ‘लेफ्टओव्हर सॅमन’, ‘यॉन्डर माउंटन स्ट्रिंग बँड’ आणि मिशिगनचा ‘ग्रीनस्काय ब्लूग्रास’ यांनी जॅमग्रासचा श्रोता आधीच तयार केला होता. ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या मागे गावोगाव फिरणारे, गाणं दर रात्री वेगळं व्हावं अशी अपेक्षा ठेवणारे हे लोक. बिलीने तो श्रोता स्टेडियमपर्यंत नेला. त्याच्या ‘होम’ या अल्बमला २०२१ मध्ये ग्रॅमी मिळाला आणि आयबीएमएने २०२१ पासून लागोपाठ तीन वर्षं त्याला वर्षाचा सर्वोत्तम कलावंत ठरवलं.

त्याच्या गिटारचा आवाज पायाने दाबायच्या इलेक्ट्रॉनिक पेडलमधून जातो, विकृत होतो, गाणं मधेच भलतीकडे निघून जातं. पण हजारोंच्या स्टेडियममध्ये त्याच्या मागे ड्रम नाहीत. बँजो, मँडोलिन, फिडल, बास आणि तो, बस्स. जॅरड वॉकर नावाचा मँडोलिनवादक दुसरी-चौथी मात्रा धरून बसलेला असतो. बिली पंधरा मिनिटं कुठेही भटकला तरी परत यायला ती जागा राखलेली असते. प्रश्नातल्या व्हिडिओत पुन्हा जाऊन वॉकरचा उजवा हात तेवढा बघा. मन्रोने त्याला क्षणात ओळखलं असतं.

जॅमग्रासमधले सगळेच असे नाहीत. ड्रम आले की मँडोलिनवाला चॉप सोडून देतो, कारण ते काम आता स्नेअर ड्रम करतो. बँजोवर भार राहत नाही. मग सगळे एकाच वेळी वाजवू लागतात आणि कुणी कुणाची जागा भरत नाही. श्रोत्यांना नाचता येतं, मजा येते, त्याला माझी ना नाही. पण मला कंटाळा येतो.

या वर्तुळात उभं कोण राहतं, हेही बदललं, आणि हा बदल फार उशिरा झाला. हेझल डिकन्स आणि अ‍ॅलिस जेरार्ड या दोघींनी १९६५ मध्ये स्वतःच्या नावाने अल्बम केला होता. आयबीएमएच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना जागा मिळाली २०१७ मध्ये. वादनाचं म्हणाल, तर अ‍ॅलिसन ब्राउनला १९९१ मध्ये आयबीएमएचा बँजोचा पुरस्कार मिळाला, पण मँडोलिनचा पुरस्कार बाईला मिळायला २०१६ उजाडलं (सिएरा हल) आणि गिटारचा २०१७ (मॉली टटल). याचं कारण हाताची कमी तयारी हे कधीच नव्हतं. जॅममध्ये, म्हणजे एकत्र वाजवायच्या बैठकीत, मुलीला गायला सांगायचं, बास धरायला द्यायचा, आणि ब्रेक मात्र तिच्या डोक्यावरून पुढच्या मुलाकडे द्यायचा, हे मी अनेकदा पाहिलंय. ज्याला ब्रेक मिळत नाही त्याचा हात घडत नाही. मॉलीचे वडील संगीतशिक्षक, त्यामुळे तिला घरीच ब्रेक मिळाले. तिच्या उजव्या हातात नखाने तारेवर खाली फटका मारत वाजवायच्या जुन्या क्लॉहॅमर बँजोची चाल गिटारवर उतरली आहे, आणि ती तिची स्वतःची गोष्ट आहे. २०२३ आणि २०२४ असे सलग दोन ग्रॅमी तिने ब्लूग्रासमध्ये घेतले.

कृष्णवर्णीय वादकांची कहाणी याहून जिव्हारी लागणारी. २००५ मध्ये आमच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावी ‘ब्लॅक बँजो गॅदरिंग’ भरलं. तिथे भेटलेल्या तरुणांनी मेबन गावच्या जो थॉम्पसन या वृद्ध फिडलवादकाकडे शिकायला जायला सुरुवात केली आणि त्यातून ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा बँड झाला. ते ब्लूग्रास वाजवत नव्हते. ब्लूग्रासच्या आधीचं, काळ्या-गोऱ्यांनी मिळून वाजवलेलं संगीत वाजवत होते. त्यांच्यातली रिअ‍ॅनन गिडन्स २०१७ मध्ये राली इथे आयबीएमएच्या अधिवेशनात मुख्य भाषण करायला उभी राहिली आणि हे संगीत कुणाकुणाचं आहे ते तिने ब्लूग्रासवाल्यांना त्यांच्याच सभागृहात सांगितलं. त्यानंतर २०२० मध्ये आयबीएमएच्या प्रतिष्ठानने अर्नल्ड शुल्ट्झच्या नावाने निधी सुरू केला. बैठकांमधले चेहरे अजून फारसे बदललेले नाहीत, पण बँजो कुठून आला ते आता शिकाऊ मुलांनाही माहीत असतं.

गाण्यांचे विषयही सरकले. जुन्या गाण्यांत गाव सोडून ओहायो, डेट्रॉइट, बाल्टिमोरच्या कारखान्यांत गेलेला माणूस आई-वडिलांचं घर आठवतो, कारण श्रोतेही तेच होते. आजचा गीतकार त्याच गावात परत बघतो तर खाण बंद आहे आणि पोरं मेथसारख्या अमली पदार्थांच्या, नशेच्या गोळ्यांच्या नादी लागली आहेत. बिलीची अशी गाणी ऐकली की ती गाणी त्याच्या घराजवळून आल्याचं जाणवतं. फसतात ती वेगळीच: शहरात वाढलेल्या गीतकाराने लाकडी झोपडी आणि आगगाडी घालून लिहिलेली. अशी अजूनही ढिगाने लिहिली जातात.

अमेरिकेबाहेर जपानमध्ये ताकाराझुकाचा महोत्सव १९७२ पासून आहे. चेक लोकांनी तर कम्युनिस्ट राजवटीत फोटो पाहून बँजो बनवले. आज तिथले प्रूखा बँजो अमेरिकन वादक हौसेने विकत घेतात.

हरवलं काय असं विचाराल तर मी गाणं म्हणेन. तीन आवाजांचं जुळलेलं गाणं. नवी मुलं आधी ब्रेक शिकतात, मग साथ, आणि गाण्याला हात लावतात तो सगळ्यांत शेवटी. त्यामुळे उत्तम वाजवणारे बँड खूप आहेत आणि तीन सूर एकमेकांत विरघळून चौथा ऐकू यावा असे बँड थोडे. मायक्रोफोनही याला जबाबदार आहे. सगळे एका माइकभोवती उभे असले की प्रत्येकाला दुसऱ्याचा आवाज कानाने ऐकून पुढे-मागे सरकावं लागतं. आता प्रत्येकाच्या कानात स्वतःचा मॉनिटर, म्हणजे छोटा स्पीकर, असतो, आणि तोल सांभाळायचं काम साउंडवाल्याकडे गेलं आहे.

ऐकायला सुरुवात कुठून करावी? १९४६-४७ची मन्रोची रेकॉर्डिंग्ज, मग राउंडर ००४४, मग क्राउस, मग मॉली टटलचा ‘क्रूकेड ट्री’. त्यानंतर डेल मॅककूरी. जन्म १९३९, आणि १९६३ मध्ये तो मन्रोकडे गिटार वाजवत, गात होता. त्याचे मुलगे रॉनी आणि रॉब अनुक्रमे मँडोलिन आणि बँजोवर त्याच्याबरोबर सुटाबुटात उभे राहतात, आणि वडील नसताना तेच भाऊ ‘ट्रॅव्हलिंग मॅककूरीज’ म्हणून ग्रेटफुल डेडची गाणी तासभर लांबवतात. मेरीलँडमधल्या कंबरलंडला २००८ पासून भरणाऱ्या डेलफेस्टला गेलात तर हे दोन्ही एकाच महोत्सवात ऐकायला मिळतं. रॉनीचा चॉप दोन्हीकडे एकाच जागी पडतो.